पिन बसली म्हणजे झालं?

टोपबाईला पहिल्यांदा भेटायला येणारा माणूस दारातच थबकतो. बाईच्या मांडीवर एक मुंडकं असतं. लाकडाचं असतं, पण ते कळेपर्यंत येणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. त्या मुंडक्यावर जाळी ताणून बसवलेली असते आणि बाई बारीकशा आकड्याने एकेक केस जाळीत ओवून गाठ मारत असते. नाटकात राजे, राण्या, म्हातारे, जोगिणी डोक्यावर जे केस घालतात त्याला आमच्यात टोप म्हणतात. तिच्यासमोर त्याला कुणी "खोटे केस" म्हणालं की झालंच. "केस खरे आहेत. डोकी खोटी असतात लोकांची," असं ऐकवून ती पुन्हा मान खाली घालते.

ती टोप देते त्याच नाटक कंपनीत मी कपडेपट सांभाळते. शिवणं, उसवणं, इस्त्री, आणि नटांची पोटं सुटली की शिवणी सोडणं, हे माझं काम. आमची दोघींची टेबलं वर्षानुवर्षं शेजारी. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. बाकीच्यांनी सांगितलेलं ऐकू नका, ते तिखटमीठ लावतात. मी लावत नाही. लावलंच तर चवीपुरतं.

हे काम तिच्या सासऱ्यांचं. तिच्या नवऱ्याला त्यात रस नव्हता, त्याचं बूड एका जागी ठरायचं नाही. ही नवी सून केर काढताना खाली पडलेले केस गोळा करायची आणि चोरून गाठी मारून बघायची. सासऱ्यांनी पकडलं. म्हणाले, "हे बायकांचं काम नाही." ही म्हणाली, "केस बायकांचे चालतात, मग हात का चालत नाहीत?" म्हातारा आठवडाभर धुमसत राहिला, आणि मग एके सकाळी गुपचूप दुसरा आकडा तिच्यासमोर ठेवून गेला. पुढे नवरा गेला, सासरे गेले, आणि त्या आकड्यावर हिने मुलगी वाढवली. टोप बनवायचे, कंपनीला वापरायला द्यायचे, खेळ झाला की धुऊन विंचरून पेटीत ठेवायचे. टोप कायम तिचेच. कंपनीने एकही कधी विकत घेतला नाही.

कंपनी परदेशी दौऱ्यावर गेली की पेटी जायची, बाई घरी राहायची. मॅनेजर म्हणायचे, "तिकडे कोणीतरी फिरवेल फणी." फिरवायचे हो! टोप परत यायचे ते कोंबडीने उकरल्यासारखे. या वेळी पेटी उचलायला माणसं आली तर बाई झाकणावर बसलेली.

"टोप जाणार तर मी जाणार," ती म्हणाली. "नाहीतर मला धरून पेटी उचला."

मॅनेजर आमचे मोठे टापटिपीचे. कडक कॉलर, चकचकीत बूट, आणि या वयातही काळेभोर दाट केस. नजर लागावी असे. त्यांनी बराच वेळ हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "चला. पण बाई, तुमच्यामुळे एक जरी तक्रार झाली, तर परत आल्यावर मी नायलॉनचे तयार टोप आणणार. धुवायला नको, विंचरायला नको. मग तुमचं काम संपलं."

"बघू," बाई म्हणाली आणि झाकणावरून उठली. उठताना तिने पेटीची कडी दोनदा ओढून बघितली. एवढं मला दिसलं.

निघताना मॅनेजरांनी सगळ्यांना एकेक पांढरा चौकोनी तुकडा दिला. एका बाजूला आपल्या पिना आत जातात, दुसऱ्या बाजूने तिकडच्या पिना बाहेर येतात. "तिकडची भोकं वेगळी असतात. हे लावा. पिन बसली म्हणजे झालं!" आम्हालाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. रंगमंचामागे आमचा सगळा संसार असाच. प्लग सैल असला की काडी खुपस, वायर आखूड पडली की दुसरी पीळ. अडचण कुठलीही असो, औषध एकच, काडी.

तर पोचलो. थिएटर मोठं, रंगपटाची खोली मात्र गार आणि दमट. खिडकी वीतभरच उघडायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळ, आणि तीन टोप बसवायचे होते. राणीचा, तिच्या लेकीचा आणि राणीच्या म्हाताऱ्या दाईचा. प्रवासात तिन्ही टोपांचे कुरळे केस सपाट झाले होते. बाईने धुतले, मुंडक्यांवर चढवले आणि कुरळे करायचा चिमटा त्या पांढऱ्या तुकड्यातून भिंतीला लावला.

बाई चिमटा कधी थेट केसाला लावत नाही. आधी कागदाची पट्टी धरते. कागद पिवळा पडला तर चिमटा जास्त तापलाय, केस जळेल. कागद पांढरा राहून वळला तर बरोबर. तिने पट्टी धरली, सोडली, पुन्हा धरली.

"अगं, हा तर माझ्या हातापेक्षा गार आहे," ती म्हणाली.

माझ्या इस्त्रीची तीच तऱ्हा. वर हात ठेवला तर नुसती कोमट, मांजराच्या पोटासारखी. केस वाळवायचा ड्रायर लावला तर तो आजाऱ्यासारखा हुं हुं करत होता. "मेला उपाशी आहे का हा?" मी म्हणाले.

मॅनेजरांना बोलावलं. रविवार होता, दुकानं बंद. ते तणतणत गेले आणि स्टेशनापाशी प्रवाशांसाठी एकच दुकान उघडं होतं तिथून एक काळा खोका घेऊन आले. मुठीत मावेल एवढा. "इथली वीज आपल्याच्या निम्मी आहे म्हणे. हा खोका दुप्पट करून देतो. घ्या!" सोबत एक लांब बोर्डही आणला. खोका भिंतीला, बोर्ड खोक्याला, आणि बोर्डावर चिमटा, ड्रायर, इस्त्री, सगळं एकदम. "चालू करा," मॅनेजर म्हणाले, आणि आम्ही केलं.

अहाहा! काय सुटला ड्रायर, वादळासारखा. बाईचा चेहरा खुलला. तेवढ्यात खोक्यातून वास यायला लागला. मग धूर. बाईने ड्रायर बंद करायला हात घातला, तोपर्यंत छतावरची घंटा अशी बोंबलायला लागली की काय सांगू. सगळं थिएटर रिकामं. नट, नट्या, तिथले कामगार, तिकिटं देणारी मुलगी, सगळे रस्त्यावर. बाहेर वारा तर असा की उभं राहवत नव्हतं. मी मुंडक्यांवरून ओढून टॉवेलात गुंडाळलेले तीन टोप छातीशी धरून उभी, बाई मुंडकी धरून उभी, आणि मॅनेजर एका हाताने डोकं गच्च दाबून उभे. मला वाटलं, बिचाऱ्यांचं डोकं उठलं असेल.

थिएटरची विजेची सगळी जबाबदारी एका उंच बाईकडे होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून आम्ही तिला किल्लीवाली म्हणायचो. ती आत गेली आणि हातात जाड मोजे घालून तो खोका बाहेर घेऊन आली. एका बाजूने वितळला होता. ती तिच्या भाषेत बोलली, शांतपणे, पण शब्द न शब्द टोचावा असं. आमचा दिवेवाला तिची भाषा थोडीफार जाणतो. झिरोच्या बल्बसारखा बारीक, आणि उजेडही तेवढाच पाडतो, म्हणून त्याला आम्ही झिरो म्हणतो. त्याने मान खाली घालून सांगितलं, "ती म्हणते, तपासणी होईपर्यंत आपल्यातल्या कुणीही इथल्या भिंतीतल्या एकाही प्लगला हात लावायचा नाही. स्टेजवरचे दिवे त्यांचे आहेत, ते चालतील. बाकी काही नाही. आणि तपासणी खेळाच्या दुसऱ्या दिवशी."

परक्या लोकांसमोर अब्रू गेल्यावर मॅनेजरांना कुणावर तरी घसरायचंच होतं. "बाईंनी ड्रायर लावला म्हणून हे झालं!"

"आणि माझी इस्त्री?" मी तिथेच, रस्त्यात ओरडले. "तीपण त्याच बोर्डावर होती. खोका कुणी आणला? बोर्ड कुणी आणला? 'चालू करा' कोण म्हणालं?"

बाकीची मंडळी आपापले बूट बघायला लागली. फारच सुंदर बूट असावेत सगळ्यांचे.

"मला वाद नको," मॅनेजर म्हणाले. "या थिएटरच्या कोठीत नायलॉनचे टोप आहेत. ते द्यायला तयार आहेत. उद्या तेच वापरायचे. आणि परत गेल्यावरही तेच. मी सांगितलं होतं, बाई."

बाई मुंडकी खाली ठेवून पुढे आली. ठेंगणी आहे ती, मॅनेजरांच्या खांद्याला लागते. पण त्या दिवशी मॅनेजरच ठेंगणे दिसले.

"माझ्या हातात ड्रायर होता, ते मी नाकारत नाही," ती म्हणाली. "पण माझं काम केस आहेत, खोके नाहीत. उद्या पडदा वर जाईल तेव्हा राणीच्या डोक्यावर माझाच टोप असेल."

"कसा? वीज कुठून आणणार?"

"वीज यायच्या आधी काय राण्या टकल्या होत्या?"

सगळे हसले. मॅनेजर मात्र लालबुंद झाले आणि डोक्यावरचा हात न काढता तरातरा निघून गेले.

उतरलो होतो ती खोलीही थिएटरचीच, म्हणून प्लगबंदी तिथेही. तिथे बाईने झिरोला समोर बसवलं. "आता सांग. का गार पडलं आणि का जळलं?"

झिरोने चिमटा उलटा करून त्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर दाखवलं. "मावशी, इथे लिहिलंय दोनशे तीस. त्याला तेवढ्या दाबाची वीज लागते. इथे भिंतीत निम्मीच. म्हणून गार. आता हा माझ्या मोबाइलचा चार्जर बघा, यावर शंभर ते दोनशे चाळीस लिहिलंय. हा कुठेही चालतो, याला फक्त पांढरा तुकडा पुरे. तो तुकडा पिन बदलतो, वीज नाही बदलत."

"म्हणजे दाराची कडी बदलली, घरातली माणसं तीच," बाई म्हणाली.

"बरोबर. आणि तो काळा खोका वीज दुप्पट करतो हे खरं, पण त्याच्यावर पन्नास वॉट लिहिलं होतं. दाढीचं मशीन चाललं असतं. ड्रायरला लागतात हजाराच्या वर. इस्त्रीला तेवढेच. मुंगीच्या पाठीवर पोतं ठेवल्यावर आणखी काय होणार? इथली माणसं आपल्याकडे आली आणि त्यांनी इथला चिमटा आपल्या भिंतीत लावला तर उलटं होईल, तो लालबुंद होऊन केसासकट जळेल."

"मग शहाण्या माणसाने करायचं काय?"

"तापणाऱ्या वस्तू आणायच्याच नाहीत. त्यांना पुरेल असा खोका म्हणजे धोंड्याएवढं वजन. इथली वस्तू इथे घ्यायची. नाहीतर दोन्हीकडे चालणारी आणायची, आणि तिच्यावर बटण असेल तर ते योग्य बाजूला आहे ना, हे लावायच्या आधी बघायचं. आणि सगळ्यात आधी मला विचारायचं! मी शिडीवर होतो, मेलो नव्हतो."

"नाही विचारलं, चुकलंच," बाई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुझं अस्तराचं कापड किती आहे?"

"का?"

"फाड."

अस्तर माझं, नवं कोरं, राजाच्या अंगरख्यासाठी आणलेलं. जिवावर आलं, पण टराटरा फाडलं. बाईने टोप पुन्हा ओले केले. एकेक बट घ्यायची, चिंधीवर गुंडाळायची, मुळाशी नेऊन गाठ मारायची. तिच्या सासऱ्यांची ही जुनी पद्धत, चिमटे यायच्या आधीची. केस असा बांधून वाळला की तसाच वळलेला राहतो. अट एकच, पूर्ण वाळला पाहिजे. ओला सोडला तर दोन मिनिटांत पुन्हा सपाट, आणि मग नायलॉन.

सकाळी उठून बाईने टोपांना हात लावला, एकेका गाठीखाली चाचपलं. "ओलेच आहेत गं." ही खोलीही रंगपटाइतकीच दमट, काय वाळणार कपाळ! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा गेल्यावरही मी तिला कधी कामात रडताना पाहिलं नव्हतं. "म्हातारपणी हेच बघायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "प्लास्टिकपुढे हरायचं."

बाहेर खिडकीची तावदानं वाऱ्याने थडथडत होती. तिने मान वर केली. तो आवाज ऐकला. मग डोळे पुसले, दाईचा टोप उचलला आणि चक्क स्वतःच्या डोक्यावर चढवला.

"हा कालचा वारा काय फुकट जाऊ द्यायचा? खालून डोक्याची ऊब, वरून वारा. ऊठ, राणीचा तू घाल. झिरो, लेकीचा तुला."

"मावशी, मला मिशा आहेत!"

"मग लेकीला मिशा आहेत. चल."

तर आम्ही तिघं त्या परक्या शहराच्या मोठ्या रस्त्याने निघालो. डोकीभर चिंध्यांच्या गाठी, वाऱ्यात फडफडणाऱ्या. पुढे बाई, ताठ मानेने, कुणाच्या बापाला भीत नाही अशी. मागे मी. त्यामागे झिरो, खांद्यात मान घालून. पावाच्या दुकानातली माणसं काचेला नाकं लावून उभी राहिली. एक कुत्रा झिरोवर असा भुंकला की मालकिणीने झिरोची माफी मागितली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून बाईला अदबीने वाकून नमस्कार केला, आणि बाईनेही मान तुकवली, राणीसारखी. नदीवरच्या पुलावर सगळ्यात जास्त वारा, म्हणून पूल कितीतरी वेळा इकडून तिकडे केला. मधूनमधून बाई थांबायची, माझ्या डोक्यात बोट घालून गाठीखाली चाचपायची आणि म्हणायची, "अजून नाही. चाल."

पुलाच्या दुसऱ्या टोकाला मॅनेजर दिसले. तिथल्या बड्या लोकांना घेऊन येत होते. आम्हाला बघून रस्ता ओलांडायला गेले, पण बाई कसली सोडते! "नमस्कार, साहेब!" असं खणखणीत ओरडली की पाहुणेही वळले. मॅनेजरांनी आम्हाला ओळख दाखवली नाही. आम्हीही मग फार हसलो नाही. पुलावर बसून पोट धरून हसलो, इतकंच.

दुपार कलताना बाईने राणीच्या टोपाची एक चिंधी सोडली. बट खाली घरंगळली, टुणकन वर गेली आणि तिथेच राहिली.  बाईने माझा हात धरला आणि खोलीवर पोचेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी रंगपटात राणीचं काम करणारी नटी आरशासमोर बसली. एका बाजूला नायलॉनचा टोप घेऊन मॅनेजर, दुसऱ्या बाजूला बाई. ही नटी फार मवाळ, कुणाला नाही म्हणणं तिला जमत नाही. मॅनेजर म्हणाले, "हा घालायचा. ठरलंय." तिने निमूटपणे घातला. आरशाच्या दिव्यांत तो असा चकाकायला लागला की दुकानातली बाहुलीच. तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग दोन्ही हातांनी तो काढून मॅनेजरांच्या हातात दिला.

"मला त्या प्रसंगात मुलीकडे वळून बघायचं असतं," ती हळू आवाजात म्हणाली. "बाईंचे केस माझ्याबरोबर वळतात. हा मागेच राहतो. मी हा घालणार नाही, साहेब. घालायचाच असेल तर दुसरी राणी बघा."

पडद्याची घंटा झाली होती. दुसरी राणी कुठून आणणार? बाईने टोप चढवला, कपाळाशी जाळी चिकटवली, एक बट कानामागून पुढे घेतली. मी पडद्याआडून खेळ बघितला. राणी मुलीकडे वळली तेव्हा बटा तिच्या गालावरून अशा सरकल्या की समोरच्या रांगेतली एक बाई नाक पुसायला लागली. भाषा कळत नव्हती तिला, तरी!

खेळ संपल्यावर किल्लीवाली रंगपटात आली. परवानगी मागून तिने राणीच्या केसांना हात लावला आणि विचारलं, कुठलं यंत्र वापरलं? झिरोने खिशातून चिंधी काढून दाखवली. ती इतकी हसली की किल्ल्या वाजल्या. म्हणाली, उद्या तपासणी झाली की माझा स्वतःचा ड्रायर देते, इथल्या विजेचा.

ती गेल्यावर आम्ही आवराआवरीला लागलो. बाई टोप पेटीत ठेवत होती. मॅनेजर आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"खेळ छान झाला," ते म्हणाले. "पण शिस्त ती शिस्त. घंटा वाजली, तक्रार झाली. मी दिलेला शब्द फिरवत नाही. परत गेल्यावर नायलॉनच."

माझ्या तोंडात आलेलं मी इथे सांगत नाही. झिरोने माझा हात दाबला. बाईने मात्र आवाजही चढवला नाही.

"ठीक आहे, साहेब. नायलॉन तर नायलॉन. मग माझे टोप मी घरी घेऊन जाते. चारही."

"चार?" मॅनेजर म्हणाले. "तीन आहेत, बाई."

"चार."

तिने पेटीचं झाकण पूर्ण उघडलं, आतली एक रिकामी जागा हाताने सारखी केली आणि हात पुढे करून उभी राहिली. देणं मागावं तशी.

मॅनेजरांचा हात डोक्यावर गेला. काल रस्त्यात, त्या वाऱ्यात गेला होता तसाच, गच्च. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! हे काळेभोर केस! शेजारच्या टेबलावर बसून इतकी वर्षं गाठी मारल्या हिने आणि मला पत्ता नाही. माझ्या पोटात तर तीळ भिजत नाही, आणि हिने एवढी गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. आताही एक शब्द वावगा बोलली नव्हती. नुसतं मोजलं होतं.

मॅनेजरांनी डोक्यावरचा हात खाली घेतला. मग पुढे होऊन त्यांनी स्वतःच्या हाताने पेटीचं झाकण हळूच लावलं.

"पेटी नीट ठेवा, बाई," ते म्हणाले. "पुढच्या दौऱ्याला लागेल."

"मीपण लागेन."

"तुम्हीपण."

"आणि निघायच्या आधी सगळ्या वस्तूंच्या पाठी झिरो वाचेल. मग पिना."

"वाचेल," मॅनेजर म्हणाले आणि गेले.

खोलीवर परतताना पुलावर तोच वारा होता. मला राहवेना. विचारलं, "खरंच काढून घेतला असतास का गं त्यांचा?"

"वेडी का खुळी?" टोपबाई म्हणाली. "सगळ्यात चांगला जमलेला आहे तो."